गव्हाणीतला गहू

आमच्याकडे नाताळची पहिली चाहूल लागते ती करवंट्यांनी. नोव्हेंबर सरत आला की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नारळ फोडल्यावर करवंट्या चुलीत घालत नाहीत. पडवीतल्या कोनाड्यात रचून ठेवतात. येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यात हिरवं रान लागतं, आणि ते रान आमच्या घरात करवंट्यांत उगवतं. बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणीही असंच होतं.

आम्ही वसईचे, निर्मळच्या जवळ राहतो. आजवर गोठा बाबांनीच केला. बांबू तासायचे ते, कामट्या बांधायचे ते, मातीच्या पाण्यात कागद बुडवून डोंगर उभा करायचे तेही तेच. मुलांनी फक्त मेंढरं हातात द्यायची. पण गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. गाठ बसत नाही. ‘या वर्षी मुलंच गोठा करतील, मी खुर्चीवर बसेन,’ असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. थोरली नऊ वर्षांची, धाकटा साडेचारचा. नवरा आणि मी दोघंही सकाळी विरार लोकल पकडून मुंबईला जाणारे. बाजारात तयार गोठे मिळतात, दिव्यांच्या माळेसकट. मी तसं बोलूनही दाखवलं. थोरलीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या वाट पाहण्याच्या काळाचा, पहिला रविवार २०२४ साली १ डिसेंबरला आला. मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून आलो, टेबलावर चार मेणबत्त्यांचं कडं ठेवलं आणि पहिली जांभळी मेणबत्ती पेटवली. तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची, कारण अर्ध्याहून जास्त वाट चालून झालेली असते. धाकट्याला ती गुलाबीच पहिल्यांदा पेटवायची होती. पंधरा दिवस थांबायला लागेल म्हटल्यावर त्यानं रोज संध्याकाळी तिला बोट लावून बघायचं व्रतच घेतलं.

त्याच दिवशी बाबांनी मुलांसमोर रिकामी गव्हाण ठेवली. बांबूच्या चोयट्यांची, तळहाताएवढी. नियम जुनाच: दिवसभरात कुणासाठी काही चांगलं केलं, तर रात्री प्रार्थनेनंतर पेंढ्याची एक काडी गव्हाणीत घालायची. पंचवीस तारखेपर्यंत बाळ येशूचं अंथरूण मऊ झालं पाहिजे. कुणी काय केलं ते मोठ्यानं सांगायचं नाही, नुसती काडी ठेवायची. पहिले चार दिवस धाकटा मूठभर काड्या टाकत होता. बाबा काही बोलले नाहीत.

एका रात्रीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सगळ्यांच्या काड्या घालून झाल्या होत्या. थोरली उठली, गव्हाणीपाशी गेली आणि आतली एक काडी काढून परत पेंढ्यात ठेवली. मी विचारणार होते, पण बाबांनी डोळ्यांनी थांबवलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती आपण होऊन बोलली. भावाची रंगपेटी तिच्याकडून तुटली होती, आणि तिनं मांजरावर ढकललं होतं. तिनं धाकट्याला आपली पेटी दिली. त्या रात्री तिनं काडी घातली की नाही ते मी पाहिलं नाही, पाहायचं नाही असं ठरवलं.

नाचणी पेरायची दुसऱ्या रविवारी. फार आधी पेरली तर सणापर्यंत पिवळी पडून लोळते, उशीर केला तर रान टकलं दिसतं. शनिवारी रात्री नाचणी भिजत घातली. रविवारी दुपारी वाडीतली माती चाळणीनं चाळली, बारा करवंट्या आणि एक जुनी परात भरली. धाकटा एकेक दाणा दोन बोटांच्या चिमटीत धरून ठेवायला लागला. एका करवंटीला त्याला वीस मिनिटं लागली. मी शेवटी राहिलेली नाचणी भुरभुरली आणि वर मातीचा हात फिरवला. बाबांनी खुर्चीतून दोनदा सांगितलं होतं, ‘करवंट्यांना खालून भोकं पाडा.’ तिन्ही डोळे बुजलेल्या करवंट्यांना खिळा तापवून भोक पाडावं लागतं. सोमवारी पाडू असं मी म्हटलं. सोमवारी सात पाचची लोकल होती, मंगळवारी घरी यायला साडेनऊ झाले.

बुधवारी बारीक पांढरे कोंब दिसले आणि घरात जल्लोष झाला. धाकटा त्यांना उठता-बसता पाणी पाजत होता. कपानं, वाटीनं, एकदा तर शाळेच्या बाटलीनं. गुरुवारी संध्याकाळी पडवीत शिरले तर आंबूस वास. करवंट्यांत पाणी साचलेलं, कोंबांवर कापसासारखी पांढरी बुरशी. बाराच्या बारा करवंट्या गेल्या. परातीतलंही कुजलं होतं. धाकटा ओक्साबोक्शी रडला. त्याला वाटत होतं त्यानं जास्त पाणी दिलं म्हणून रोपं मेली. मी त्याला जवळ घेऊन सांगितलं की चूक त्याची नाही, माझी आहे, भोकं मी पाडली नाहीत. नऊ वर्षांच्या आणि साडेचार वर्षांच्या मुलांसमोर हे वाक्य म्हणताना मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

बाबांनी दोघांना जवळ बोलावलं. म्हणाले, ‘आता नाचणीला वेळ नाही. गहू टाका, गहू लवकर येतो. आणि गहूच बरा. बेथलेहेम म्हणजे काय ठाऊक आहे? हिब्रू भाषेत त्याचा अर्थ भाकरीचं घर. भाकरीच्या घरात धान्य नको?’ थोरलीनं ते वहीत लिहून घेतलं. त्या रात्री नवऱ्यानं खिळा गॅसवर लाल केला आणि सगळ्या करवंट्यांना भोकं पाडली. जळक्या करवंटीचा वास अजून माझ्या नाकात आहे. तेरा तारखेला गहू पेरला. पाणी घालायची वेळ ठरवली: सकाळी एकदा, आंघोळीआधी, धाकट्याच्या हातानं, चहाच्या कपानं.

तारा नवऱ्याचा. ज्यांनी दिवाळीत कामट्यांचा आकाशकंदील केला असेल त्यांना हे काम सोपं वाटेल, आणि ते खरंच त्याच धाटणीचं काम आहे. दहा कामट्या सारख्या लांबीच्या. पाचांचा एक सपाट तारा, पाचांचा दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवून पाच टोकं दोऱ्यानं घट्ट बांधायची. मग आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर लांबीच्या कामट्या आडव्या अडकवायच्या. त्या अडकल्या की तारा पोट फुगवतो, आणि त्याच क्षणी मुलं ओरडतात. दरवर्षी ओरडतात. वर पतंगाचा कागद, मैद्याची खळ, आत दिवा. बाबांनी या वेळी कामट्या तासल्या नाहीत, पण प्रत्येक कामटी डोळ्यासमोर धरून वाकडी कुठे आहे ते सांगितलं. थर्माकोलचा तारा मी घरात आणू देत नाही. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे तो तुटला की त्याचे गोळे वाडीभर पावसाळ्यापर्यंत उडत राहतात.

याच सुमारास थंडी पडली. वसईची थंडी ती केवढी, पण वर्षातून जेमतेम पंधरा दिवस स्वेटर घालायला मिळतो तेव्हा मुलं तो दुपारीही काढत नाहीत. रविवारी पहाटे बाबा वाळक्या झावळ्यांची शेकोटी करतात. हाताला कंप असला तरी हे काम त्यांनी कुणाला दिलेलं नाही. निखाऱ्यांत रताळी पुरायची, अर्ध्या तासानं काठीनं उकरून काढायची, साल काळी झालेली, आत पिवळं वाफाळतं. मुलं ती या हातातून त्या हातात उडवत ‘हा हा’ करत खातात. शेजारची मुलंही येतात. कुंपणापलीकडल्या काकूंची नात दिवाळीत आमच्या मुलांबरोबर किल्ला करते आणि डिसेंबरात आमच्या गोठ्याचे दगड गोळा करते. या वर्षी तिनं किल्ल्यावरचा एक मावळा आणून मेंढपाळांच्या रांगेत उभा केला. ढाल-तलवारीसकट. तो आम्ही तसाच ठेवला, गोठ्याला राखण म्हणून.

२१ आणि २२ तारीख फराळाची. आळीतल्या चार घरच्या बायका आमच्या ओसरीवर जमतात, कारण आमची ओसरी मोठी. नेवऱ्यांचं सारण आई करतात: खोबरं, रवा, साखर, वेलची, काजूचे तुकडे. लाटायचं, भरायचं, कातण्यानं कातायचं. कलकल मात्र मुलांचे. मैदा आणि थोडा रवा, नारळाचं घट्ट दूध, अंडं, साखर, तुपाचं मोहन. पीठ घट्ट मळून तासभर झाकून ठेवायचं. मग सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्यानं दाबत पसरायची आणि वरून खाली गुंडाळत आणायची. काट्याच्या दातांच्या रेघा वर उमटतात आणि गोळीचा शिंपला होतो. थोरलीचे शिंपले एका मापाचे. धाकट्याच्या हातून गोगलगायी, साप आणि एक ‘झोपलेला बाबू’ बाहेर पडले. मी ते पुन्हा वळायला घेणार होते. आईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, ‘तळताना सगळे सारखेच फुगतात गं.’ ते काही खरं नव्हतं. साप कढईत उलगडला. पण तोच सगळ्यांत कुरकुरीत झाला आणि त्याच्यासाठी भांडण लागलं.

ताटं भरायचं काम माझं. नेवऱ्या, कलकल, केकचा तुकडा, आणि निर्मळच्या जत्रेत घेतलेली दोन-दोन सुकेळी. कार्तिकातली ती जत्रा आमच्याकडे हिंदू-ख्रिस्ती सगळ्यांची. राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी, केळीच्या सोपटात बांधलेली, तिथून आणायची आणि नाताळपर्यंत मुलांपासून लपवायची. दिवाळीला ज्या घरांतून चकली-करंजीचं ताट आलं होतं, त्यांची ताटं मी धुऊन जपून ठेवलेली असतात. रिकामं ताट परत करायचं नसतं. ती ताटं मुलं घेऊन गेली, धाकटा पुढे, थोरली मागून त्याच्या कोपराला आधार देत.

२३ तारखेला धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या चर्चची तरुण मंडळी गिटार-ढोलकी घेऊन गाणी म्हणत आली, टेम्पोत सांताक्लॉज. धाकटा पलंगाखाली जाऊन बसला तो ते निघून जाईपर्यंत. सांतानं चॉकलेट पलंगाखाली सरकवलं.

गोठा मांडायला बसलो तेव्हा कळलं की गव्हानं आमची फसगत केलीय. अकरा दिवसांत तो वीतभर वाढला होता. मेंढपाळ बोटाएवढे, मेंढरं त्याहून ठेंगणी. करवंट्या भोवती मांडल्या तर बेथलेहेम दिसेचना, नुसतं हिरवं दाट रान. गेल्या वर्षी आळीच्या गोठा स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला होता आणि माझ्या मनात तो नंबर होताच. मी कात्री आणली. धाकटा करवंट्यांवर पालथा पडला. ‘कापू नको! मेंढरं लपलीत त्यात!’

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. ‘लपू देत की. मेंढरं रानात लपतातच. त्यांना शोधायला मेंढपाळ पाठवा.’

मग गोठा वेगळाच झाला. गहू मागे डोंगरावर सरकला, करवंट्या तीन पायऱ्यांत बसल्या, पुढे मोकळी लाल माती उरली. तळ्याला माझ्या पर्समधला आरसा गेला. डोंगर एका बाजूला कलला, कारण खळ कमी पडली. गाढवाचा डावा कान गेली अनेक वर्षं नाही, तो तसाच. थोरलीनं विचारलं, ‘आजोबा, बैल आणि गाढव बायबलात कुठे आहेत?’ बाबा म्हणाले, ‘येशूच्या जन्माच्या गोष्टीत नाहीत. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. ज्ञानी लोक मत्तयच्या शुभवर्तमानात, आणि तेही किती ते लिहिलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी, म्हणून आपण तीन राजे म्हणतो. बैल आणि गाढव यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून आले, ती जनावरं आपल्या धन्याला ओळखतात म्हणून.’ मग त्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसची गोष्ट सांगितली. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात त्यांनी खरा बैल, खरं गाढव आणि पेंढ्यानं भरलेली खरी गव्हाण मांडून नाताळ केला. लोकांना डोळ्यांनी दिसावं की देव किती गरिबीत जन्मला. धाकट्यानं लगेच शेजारची शेळी आणायची का म्हणून विचारलं.

रात्रीची मिस्सा आमच्याकडे चर्चसमोरच्या मैदानात असते, देवळात माणूस मावत नाही. सतरंजीवर शालीत गुंडाळलेली मुलं, नव्या कपड्यांच्या घड्यांचा वास, वर कामट्यांचे तारे. आगमनकाळात चार रविवार गौरवस्तोत्र म्हणत नाहीत. त्या रात्री ते सुरू झालं आणि घंटा वाजायला लागल्या. मोठी घंटा, वेदीवरच्या लहान घंटा, सगळ्या एकदम. मला दरवर्षी इथे रडू येतं. बाबांच्या थरथरत्या हातात थोरलीनं आपला हात सरकवला आणि ते दोघं तसेच उभे राहिले.

घरी आलो. बाळ येशूची मूर्ती तोवर कपाटात रुमालात असते. घरातल्या सगळ्यांत धाकट्यानं ती गव्हाणीत ठेवायची. आमचा धाकटा बापाच्या खांद्यावर गाढ झोपलेला. सकाळी ठेवू, असं मी पुटपुटले तसे त्याचे डोळे उघडले. खाली उतरला, मूर्ती दोन्ही हातांत घेतली आणि गव्हाणीत पेंढ्यावर ठेवली. मग पडवीत पळाला. परत आला तो हातात एक करवंटी घेऊन. नाचणीची! बारांतली एक त्यानं पहिल्याच दिवशी विहिरीच्या कठड्यामागे नेऊन ठेवली होती, ‘तिला एकटीला’. आम्ही पेरताना बारा मोजल्या होत्या, कुजल्यावर बारा टाकल्या असं मी वर लिहिलंय. खरं तर अकराच असाव्यात, रागाच्या भरात कुणी मोजल्या होत्या! ती करवंटी मुळात तडकलेली, म्हणून पाणी निथळून गेलं होतं. चार-पाच रोपं, केसांएवढी बारीक, पण हिरवीगार. ती त्यानं गव्हाणीच्या उशाशी ठेवली.

स्पर्धेचे परीक्षक २६ ला आले. गव्हाचं रान का, असं त्यांनी विचारल्यावर थोरलीनं वही उघडून भाकरीचं घर समजावून सांगितलं. मावळ्याबद्दल विचारल्यावर शेजारची नात पुढे झाली. नंबर आला नाही. कुणीच त्याचा विषय काढला नाही. मलाही दोन दिवसांनी आठवण झाली.

३१ ला आळीतली मुलं म्हातारा करतात. जुन्या कपड्यांत पेंढा भरून सरत्या वर्षाचा म्हातारा, रात्री बाराला जाळायचा. पोरांना कुणीतरी बाबांचा जुना चौकड्यांचा सदरा दिला. धाकट्यानं खुर्चीत बसवलेला म्हातारा पाहिला आणि किंचाळलाच. ‘आजोबांना जाळणार!’ काही केल्या ऐकेना. शेवटी बाबा स्वतः काठी टेकत गेले, म्हाताऱ्याशेजारी दुसऱ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘बघ, मी हा इकडे.’ तरी त्याचं समाधान होईना. मग मोठ्या पोरांनी सदरा काढला आणि नवऱ्याचा ऑफिसचा फाटका शर्ट चढवला. बापाच्या शर्टाला त्याची काही हरकत नव्हती. चौकड्यांचा सदरा त्यानं त्या रात्री अंगावर घेऊन झोप काढली.

तीन राजे २५ पासून प्रवासात होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघून रोज एक फरशी पुढे. एकदा मांजरानं उंट सोफ्याखाली नेला, त्यात एक दिवस गेला. ५ जानेवारीच्या रविवारी, त्यांच्या सणाला, ते गोठ्यात पोचले. तोवर गहू पिवळा पडून आडवा झाला होता, राजांना त्यातून वाट काढावी लागली. संध्याकाळी आवराआवर. मूर्ती वर्तमानपत्रांत गुंडाळल्या, गहू शेजारच्या शेळीला गेला.

नाचणीची करवंटी बाबांनी मुलांकडून फोडून घेतली आणि रोपं मातीसकट विहिरीजवळ लावायला लावली. पाणी सकाळी एकदा, चहाच्या कपानं. एक रोप गोगलगायीनं खाल्लं. बाकीची एप्रिलात, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्याच्या सुमारास, पोपटी मुठीसारखी बोटं मिटून उभी होती. चार कणसं. वाळल्यावर थोरलीनं ती तळहातावर चुरली आणि फुंकर मारली. दाणे एका काड्यापेटीत मावले. काड्यापेटी आता देवघरात गव्हाणीच्या डब्याजवळ आहे, आणि तिच्यावर पेन्सिलनं, धाकट्याच्या अक्षरात, लिहिलंय: ‘गोटा’.